शब्दाला अर्धा सेंट: फ्रेडरिक पोल आणि विज्ञानकथा मासिकांचा धंदा

विज्ञानकथा वाचणाऱ्या कुणालाही विचारा, आसिमोव्ह माहिती असतो, क्लार्क माहिती असतो, हाइनलाइनचं नावही बहुतेकांनी ऐकलेलं असतं, पण या तिघांच्याही गोष्टी ज्याने कधी ना कधी विकत घेऊन छापल्या तो फ्रेडरिक पोल फारसा कुणाच्या तोंडी नसतो. मला हे मनापासून खटकतं. कारण हा माणूस कवितेपासून कादंबरीपर्यंत सगळं लिहायचा, मासिकं चालवायचा, दुसऱ्यांच्या गोष्टी विकून देणारा एजंट होता, मधल्या काळात जाहिरातीही लिहायचा, आणि हे सगळं त्याने ७० हून जास्त वर्षं केलं. अमेरिकेतली विज्ञानकथा नेमकी कशी घडली हे समजून घ्यायचं असेल तर एकट्या पोलचं करिअर नीट बघितलं तरी बरंच काही कळतं, असं माझं स्पष्ट मत आहे.

पण त्याआधी मासिकांचा धंदा समजून घ्यावा लागेल, नाहीतर पुढचं सगळं नुसती नावं आणि सालं वाटेल.

१९२६ मध्ये ह्यूगो गर्न्सबॅकने न्यूयॉर्कमधून ‘अमेझिंग स्टोरीज’ सुरू केलं, फक्त विज्ञानकथांना वाहिलेलं पहिलं इंग्रजी मासिक. त्यानंतर जवळपास दुसरं महायुद्ध संपेपर्यंत अमेरिकेत विज्ञानकथा म्हणजे मासिकंच, कारण मोठे पुस्तक प्रकाशक या प्रकाराकडे ढुंकूनही बघत नव्हते. मासिकं छापली जायची लाकडाच्या लगद्यापासून केलेल्या स्वस्त, खडबडीत कागदावर, म्हणून त्यांना पल्प म्हणायचे. कव्हर भडक, किंमत कमी, आणि लेखकाला पैसे मिळायचे शब्द मोजून. हा शब्दामागचा दर सगळ्यात महत्त्वाचा. समजा तुम्ही ५,००० शब्दांची गोष्ट लिहिली. अर्धा सेंट दर असेल तर हातात २५ डॉलर, एक सेंट असेल तर ५०, तीन सेंट असेल तर १५०. गोष्ट तीच, मेहनत तीच, फक्त कुणी घेतली यावर सहापट फरक.

दुसरा प्रश्न पैसे कधी मिळणार. चांगली मासिकं गोष्ट पसंत पडली की लगेच चेक द्यायची. बाकीची गोष्ट छापून आल्यावर द्यायची, आणि काही तर छापून झाल्यावरही महिनोन्महिने ताटकळत ठेवायची. पोलची पहिली छापलेली रचना याचं उत्तम उदाहरण आहे. ती गोष्ट नव्हतीच, चंद्रावरची एक कविता होती, ‘अमेझिंग’च्या ऑक्टोबर १९३७ च्या अंकात टोपणनावाने आलेली. तेव्हा तिथे संपादक होते टी. ओ’कॉनर स्लोन, ऐंशी ओलांडलेले गृहस्थ, ज्यांचा स्वतःचा अवकाशप्रवासावर अजिबात विश्वास नव्हता आणि तरी ते अवकाशप्रवासाच्या गोष्टी छापणारं मासिक चालवत होते. पोलने कविता लिहिली तेव्हा तो पंधरा-सोळा वर्षांचा होता, आणि लिहिणं, पसंती, छपाई आणि पैसे या चार पायऱ्या पार पडेपर्यंत काही वर्षं उलटली होती. मानधन किती, तर दोन डॉलर. एखाद्याने तिथेच नाद सोडला असता, पण या पोराला उलट धंद्याचीच गोडी लागली, आणि मला वाटतं लेखक म्हणून त्याचं वेगळेपण तिथूनच सुरू होतं.

पोलचा जन्म २६ नोव्हेंबर १९१९, न्यूयॉर्कमध्ये. ब्रुकलिन टेक नावाच्या नावाजलेल्या शाळेत गेला पण शिक्षण अर्धवट सोडलं, मंदीचे दिवस होते. त्याची खरी शाळा म्हणजे फ्युचरियन्स. १९३८ मध्ये न्यूयॉर्कमधल्या विज्ञानकथावेड्या पोरापोरींनी बनवलेला हा ग्रुप, आणि त्यातली नावं बघितली तर आज विश्वास बसत नाही: आयझॅक आसिमोव्ह, सिरिल कॉर्नब्लुथ, डोनाल्ड वॉलहाइम, आणि पुढे डेमन नाइट, जेम्स ब्लिश, ज्युडिथ मेरिल. बहुतेकांचे खिसे रिकामे, काही जण एकत्र खोली घेऊन राहणारे, राजकारणाने डावे. पोल स्वतः काही काळ यंग कम्युनिस्ट लीगमध्ये होता आणि १९३९ मध्ये स्टालिनने हिटलरशी करार केल्यावर बाहेर पडला. त्याच वर्षी जुलैमध्ये न्यूयॉर्कला पहिलं जागतिक विज्ञानकथा संमेलन भरलं आणि दुसऱ्या गटाच्या आयोजकांनी पोल, कॉर्नब्लुथ, वॉलहाइम वगैरे मंडळींना दारातूनच परत पाठवलं. आज हे पोरकट भांडण वाटेल. पण ही पोरं पुढच्या दोन-चार वर्षांत स्वतःच मासिकांची संपादक झाली हे लक्षात घेतलं की त्या भांडणाचं वजन कळतं.

आणि त्यात पहिल्या फळीत पोल होता. १९३९ च्या शेवटी, वय १९, हा पोरगा एका संपादकाकडे काम मागायला गेला, त्याच्याकडे जागा नव्हती पण त्याने सांगितलं की पॉप्युलर पब्लिकेशन्स स्वस्तातली नवी मासिकं काढतायत, तिथे जाऊन बघ. पोल गेला आणि संपादक होऊनच बाहेर आला. एक नाही, दोन मासिकं, ‘अस्टॉनिशिंग स्टोरीज’ आणि ‘सुपर सायन्स स्टोरीज’. पगार आठवड्याला दहा डॉलर. लेखकांना दर शब्दाला अर्धा सेंट. म्हणजे हिशोब करा, संपादकाचा आठवड्याचा पगार आणि २,००० शब्दांच्या एका गोष्टीचं मानधन सारखंच. मग पगारात भागत नाही म्हणून पोल स्वतःच टोपणनावाने गोष्टी लिहायचा आणि संपादक म्हणून स्वतःच त्या विकत घ्यायचा. जेम्स मॅकक्रेग हे त्याचं त्या काळातलं नाव. आज हे ऐकून भुवया उंचावतील, पण त्या काळात त्या जगात हे सर्रास चालायचं आणि अंकाची पानं भरायची ती एक सोयही होती.

इथे उतरंडीची गोष्ट सांगायलाच हवी, कारण तिच्याशिवाय छोट्या मासिकाचं काम समजत नाही. सगळ्यात वर होतं ‘अस्टाउंडिंग’, तिथे १९३७ च्या शेवटापासून जॉन डब्ल्यू. कॅम्पबेल संपादक, दर एक सेंट आणि पसंतीलाच चेक. साहजिकच प्रत्येक लेखक आपली गोष्ट आधी कॅम्पबेलकडे पाठवायचा. त्याने नाकारली की दुसरीकडे, तिथून परत आली की तिसरीकडे, आणि अशी गळत गळत ती अर्ध्या सेंटवाल्यांकडे यायची. म्हणजे पोलच्या टेबलावर जे पडायचं त्यातलं बरंचसं आधीच कुणीतरी परत पाठवलेलं. अशा ढिगातून अंक काढायचा तर संपादकाला एकच गोष्ट जमावी लागते, वरच्याने चुकून काय फेकून दिलं ते ओळखणं.

पोलला ते जमायचं. आसिमोव्हने लहान मुलीला सांभाळणाऱ्या यंत्रमानवाची एक गोष्ट लिहिली होती, कॅम्पबेलने ती नाकारली. पोलने घेतली आणि ‘सुपर सायन्स स्टोरीज’च्या सप्टेंबर १९४० च्या अंकात छापली, फक्त नाव बदलून ‘स्ट्रेंज प्लेफेलो’ केलं. आसिमोव्हला ते नाव कधीच आवडलं नाही, पुढे पुस्तकात त्याने परत स्वतःचं ‘रॉबी’ हेच नाव ठेवलं. नाव सोडून द्या. आसिमोव्हच्या सगळ्या रोबो-कथांची सुरुवात जिथून होते ती ही गोष्ट, आणि ती छापणारा संपादक वीस वर्षांचा होता. त्याच सुमारास हाइनलाइनची ‘लेट देअर बी लाइट’ पण टोपणनावाने त्याच मासिकात आली, तीही कॅम्पबेलने न घेतलेली.

१९४१ मध्ये ही खुर्ची गेली, पोल त्याच कंपनीत हाताखालचा झाला, मग युद्ध आलं. १९४३ ते १९४५ तो सैन्यात, हवाई दलासाठी हवामानाची कामं बघायचा, इटलीत पोस्टिंग. परत आल्यावर त्याच्या डोक्यात न्यूयॉर्कच्या जाहिरात जगतावर कादंबरी लिहायची होती, आणि आपल्याला तिथलं काहीच माहिती नाही म्हणून त्याने सरळ जाहिरात एजन्सीत नोकरी धरली. कॉपी लिहायला शिकला, वाचकाला एक कूपन कापून पाठवायला कसं लावायचं ते शिकला. ती आधीची कादंबरी काही कामाची निघाली नाही, पण शिकलेलं वाया गेलं नाही, ते पुढे येईलच.

सोबत लेखकांचा एजंट म्हणून स्वतःच्या एजन्सीचं काम. एजंट म्हणजे लेखकाच्या वतीने प्रकाशकाशी बोलणारा, करार करणारा आणि मिळालेल्या पैशातून आपला दहा टक्के वाटा ठेवणारा माणूस. एका वेळी त्या काळच्या चांगल्या विज्ञानकथा लेखकांपैकी अर्ध्याहून जास्त पोलकडे होते. आसिमोव्हची पहिली कादंबरी ‘पेबल इन द स्काय’ १९५० मध्ये डबलडेने काढली ती पोलने मध्ये पडून जमवल्यामुळे, आणि पोल हा आसिमोव्हचा एकमेव एजंट, नंतर त्याने कधी दुसरा नेमलाच नाही. पण पैशाचं गणित कोसळलं. पोलने काही लेखकांसाठी अशी पद्धत सुरू केली की गोष्ट लिहून हातात दिली की ती विकली जावो न जावो, पैसे लगेच, नंतर विकली की वळते करायचे. लेखकाला रात्री शांत झोप लागावी म्हणून हे सगळं, कारण उतरंडीत चेकची वाट बघत बसणं काय असतं ते त्याने स्वतः भोगलं होतं. कल्पना सुंदर, पण ती चालवायला गाठीशी भांडवल लागतं, आणि ते नव्हतं. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला एजन्सी बंद झाली आणि पोलच्या डोक्यावर मोठं कर्ज राहिलं जे तो पुढे कितीतरी वर्षं फेडत होता. मला या अपयशाबद्दल त्याचा आदरच वाटतो. लेखकांच्या बाजूने पदरमोड करून उभे राहणारे मध्यस्थ फार नसतात.

आणि याच पडत्या काळात त्याने सगळ्यात टोकदार काम केलं. १९५० च्या ऑक्टोबरमध्ये एच. एल. गोल्डने ‘गॅलक्सी’ सुरू केलं होतं, दर किमान तीन सेंट, म्हणजे एका फटक्यात सगळ्यांच्या वर. गोल्डला युद्धानंतर घराबाहेर पडायची जबरदस्त भीती बसली होती, म्हणून तो मासिक न्यूयॉर्कमधल्या आपल्या फ्लॅटमधूनच चालवायचा, लेखकांशी तासन्तास फोनवर बोलून. त्याला यंत्रांपेक्षा समाजात रस होता, उद्याचं यान कसं उडेल यापेक्षा उद्याची माणसं एकमेकांना कशी लुबाडतील यात. पोलकडे जाहिरातींवरच्या एका विज्ञान कादंबरीचा पहिला तिसरा हिस्सा लिहून पडला होता, तो त्याने गोल्डला दाखवला, गोल्ड म्हणाला पूर्ण कर, मी क्रमशः छापतो. पूर्ण करायला वेळ नाही म्हणून मित्र कॉर्नब्लुथला सोबत घेतलं. दोघांची पद्धत अशी की एकाने चार पानं टाइप करायची, मग दुसऱ्याने बसायचं आणि तिथून पुढे चार पानं, मशीन थंड होऊ द्यायचं नाही.

हीच ती ‘द स्पेस मर्चंट्स’. ‘गॅलक्सी’त जून ते ऑगस्ट १९५२ मध्ये ‘ग्रेव्ही प्लॅनेट’ नावाने आली आणि १९५३ मध्ये बॅलंटाइनने पुस्तक काढलं. यातल्या जगात सरकार नावापुरतं उरलंय, राज्य जाहिरात कंपन्यांचं. गर्दी एवढी की ऑफिसच्या इमारतीतल्या जिन्याच्या पायऱ्या रात्री झोपायला भाड्याने देतात. कॉफीत असं काही मिसळलंय की एकदा प्यायलात की आयुष्यभराचं गिऱ्हाईक. एका कारखान्यात कोंबडीच्या मांसाचा एक अवाढव्य जिवंत गोळा सतत वाढत असतो आणि कामगार त्याच्या चकत्या कापत राहतात, त्याचं नाव चिकन लिटल. नायक मिच कोर्टने हा वरच्या थरातला जाहिरातवाला, त्याच्यावर काम येतं शुक्र ग्रह लोकांच्या गळ्यात मारायचं, जिथे जगणं जवळपास अशक्य आहे तिथे जायला माणसं रांगेत उभी राहिली पाहिजेत. हे १९५२ चं आहे! त्या वेळी बाकीचे बरेच जण अणुयुद्ध आणि परग्रहवासी यांच्यात गुंतलेले असताना पोल आणि कॉर्नब्लुथने बघितलं की आपल्याला खाणारा प्राणी दुसऱ्या ग्रहावरून येणार नाही, तो इथेच बसून घोषवाक्यं लिहितोय. आणि पोलला ती घोषवाक्यं कशी लिहितात हे आतून माहिती होतं, म्हणून ते पुस्तक नुसतं चिडलेलं न राहता अगदी बारीक तपशिलात खरं वाटतं.

कॉर्नब्लुथ १९५८ च्या मार्चमध्ये गेला, वय अवघं ३४. सकाळी घरासमोरचा बर्फ फावड्याने काढला, मग उशीर झाला म्हणून ट्रेन पकडायला धावला आणि स्टेशनवर कोसळला. त्याच्या अर्धवट राहिलेल्या कागदांवरून पोल पुढे वर्षानुवर्षं गोष्टी पूर्ण करत राहिला, त्यातल्या ‘द मीटिंग’ला १९७३ मध्ये ह्यूगो (गर्न्सबॅकच्या नावाने दिला जाणारा विज्ञानकथांचा मोठा पुरस्कार) मिळाला, म्हणजे मित्र जाऊन पंधरा वर्षं झाल्यावर दोघांच्या नावावर बक्षीस.

याच दशकात पोलने अजून एक गोष्ट केली जिचा उल्लेख कमी होतो. १९५३ मध्ये बॅलंटाइनसाठी ‘स्टार सायन्स फिक्शन स्टोरीज’ नावाचे संग्रह काढले, आधी मासिकात आलेल्या गोष्टी परत न छापता सगळ्या नव्या कोऱ्या. म्हणजे मासिकाचं काम पुस्तकाच्या कपड्यात. पहिल्याच खंडात क्लार्कची ‘द नाइन बिलियन नेम्स ऑफ गॉड’ आहे, एवढं सांगितलं तरी दर्जा कळेल.

आता ‘गॅलक्सी’ची खुर्ची. १९५७ मध्ये अमेरिकेतली सगळ्यात मोठी मासिक वितरण कंपनी, अमेरिकन न्यूज कंपनी, बंद पडली आणि स्टँडवर मासिकं पोचवायची साखळीच तुटली. बरीच मासिकं बुडाली. ‘गॅलक्सी’ टिकलं पण दोन महिन्यांतून एकदा निघायला लागलं आणि दर १९५९ मध्ये तीनवरून दीड सेंटवर आला. दर उतरला की काय होतं ते वर सांगितलंच, चांगली हस्तलिखितं दुसऱ्या दारात जातात. त्यात गोल्डला अपघात झाला, तब्येत खालावली, आणि पोल आधी मदतनीस म्हणून आणि १९६१ च्या शेवटापासून अधिकृत संपादक म्हणून काम बघायला लागला. सोबत त्याच मालकाचं दुसरं मासिक ‘इफ’, आणि १९६३ पासून तिसरं ‘वर्ल्ड्स ऑफ टुमॉरो’. ‘गॅलक्सी’चा दर त्याने हळूहळू परत तीनवर आणला. ‘इफ’चा मात्र एक सेंटच.

मला यात सगळ्यात रोचक वाटतं ते ‘इफ’. पैसे कमी, म्हणून मोठ्या नावांच्या मागे धावण्यात अर्थ नाही. मग पोलने ठरवलं की प्रत्येक अंकात निदान एक गोष्ट अशा लेखकाची असेल ज्याचं आधी काहीच छापलेलं नाही. न मागवता आलेल्या हस्तलिखितांचा जो ढीग असतो तो बहुतेक संपादकांना डोकेदुखी वाटतो, पोलने त्यातून अंकाचं सदर केलं. डिसेंबर १९६४ च्या अंकात अशीच एक पहिली गोष्ट आली, ‘द कोल्डेस्ट प्लेस’, लेखक लॅरी निवन. दोनच वर्षांत, ऑक्टोबर १९६६ मध्ये, त्याच निवनची ‘न्यूट्रॉन स्टार’ त्याच ‘इफ’मध्ये आली आणि तिने ह्यूगो घेतला. हाइनलाइनची ‘द मून इज अ हार्श मिस्ट्रेस’ डिसेंबर १९६५ पासून इथेच क्रमशः आली, हार्लन एलिसनची ‘आय हॅव नो माऊथ, अँड आय मस्ट स्क्रीम’ मार्च १९६७ मध्ये इथेच. आणि सर्वोत्तम मासिकाचा ह्यूगो सलग तीन वर्षं, १९६६, १९६७, १९६८, घरातल्या श्रीमंत भावाला न मिळता या गरीब भावाला मिळाला. माझं म्हणणं असं की कमी दरामुळे पोलला जी मोकळीक मिळाली ती ‘गॅलक्सी’च्या नावाच्या ओझ्याखाली मिळाली नसती.

पण ‘गॅलक्सी’कडे कॉर्डवेनर स्मिथ होता, आणि त्याची गोष्ट खास पोलच्या नजरेची. १९५० मध्ये ‘फँटसी बुक’ नावाच्या अगदी छोट्या, कुणी न वाचणाऱ्या मासिकात ‘स्कॅनर्स लिव्ह इन व्हेन’ नावाची एक गोष्ट आली होती, लेखक अनोळखी. त्याच अंकात पोलचीही एक गोष्ट होती म्हणून तो अंक त्याच्या हातात पडला, त्याने ती वाचली, हादरला, आणि १९५२ च्या आपल्या संग्रहात घेऊन हजारो वाचकांपुढे आणली. कॉर्डवेनर स्मिथ या टोपणनावामागे होते पॉल लाइनबार्गर, आशियाच्या राजकारणाचे प्राध्यापक आणि मानसशास्त्रीय युद्धतंत्राचे तज्ज्ञ. संपादक झाल्यावर पोलने त्यांच्या गोष्टी एकापाठोपाठ एक छापल्या. ती एक गोष्ट त्याच्या नजरेतून सुटली असती तर हा लेखक कदाचित तिथेच विरून गेला असता.

आणि १९६८. व्हिएतनाम युद्धावरून विज्ञानकथा लेखकांत सरळ दोन तट पडले होते. ‘गॅलक्सी’च्या जूनच्या अंकात समोरासमोरच्या पानांवर दोन जाहिराती आल्या, एकीकडे अमेरिकेने तिथे लढत राहावं म्हणणारे, त्यात हाइनलाइन, कॅम्पबेल, निवन, आणि दुसरीकडे विरोध करणारे, त्यात आसिमोव्ह, ब्रॅडबरी, अर्सुला ले ग्विन, फिलिप के. डिक. दोन्ही याद्यांत पोलने छापलेली माणसं. अंक उघडला की एकाच नजरेत कळायचं की भविष्याबद्दल लिहिणाऱ्यांचं वर्तमानाबद्दल अजिबात एकमत नाही. ती दोन पानं मला त्या काळातल्या कुठल्याही अग्रलेखापेक्षा जास्त बोलकी वाटतात.

१९६९ मध्ये पोल एका चित्रपट-संमेलनासाठी रिओ दी जानेरोला गेला होता, परत येतो तर मालकाने मासिकं विकून टाकलेली. नव्या मालकांकडे राहायचं नाही असं ठरवून त्याने खुर्ची सोडली. नंतर १९७० च्या दशकात बँटम प्रकाशनासाठी पुस्तकं निवडायचं काम केलं, आणि तिथेही त्याच्या नावाच्या शिक्क्याखाली १९७५ मध्ये सॅम्युएल डिलेनीची ‘धालग्रेन’ आणि जोआना रसची ‘द फीमेल मॅन’ बाहेर पडली. दोन्ही अवघड, दोन्ही वादग्रस्त, दोन्ही आज अभिजात मानल्या जातात.

लेखक पोल मात्र संपादकाच्या टेबलावरून उठल्यावर मोकळा झाला. रोज चार पानं, कुठेही असो, विमानात असो, हॉटेलात असो, हा त्याचा नेम होता आणि आता ती चार पानं दुसऱ्याच्या हस्तलिखितांच्या मधल्या वेळात कोंबायची गरज नव्हती. १९७६ मध्ये ‘मॅन प्लस’ आली, मंगळावर जगता यावं म्हणून एका माणसाचं शरीर तुकड्या-तुकड्याने बदलत नेतात त्याची गोष्ट, तिला नेब्युला, म्हणजे अमेरिकन विज्ञानकथा लेखक संघटनेचा पुरस्कार. आणि १९७७ मध्ये ‘गेटवे’, ह्यूगो आणि नेब्युला दोन्ही.

‘गेटवे’वर थोडं थांबतो. नायक रॉबिनेट ब्रॉडहेड वायोमिंगच्या खाणीतला मजूर, लॉटरी लागते म्हणून तो गेटवे नावाच्या लघुग्रहावर जातो. तिथे हीची नावाच्या नाहीशा झालेल्या जमातीने सोडून दिलेली यानं उभी आहेत, कुणी एका माणसासाठी, कुणी तिघांसाठी, कुणी पाचांसाठी. यान चालू करता येतं, पण ते कुठे नेईल, किती दिवस लागतील, तेवढे दिवस पुरेल एवढं अन्न आपल्याकडे आहे का, यातलं काहीच कळत नाही. परत आलात आणि हाताला काही लागलं तर कोट्यधीश. आणि निर्णय होत नाही म्हणून नुसतं बसून राहिलात तर तिथल्या हवेचंही भाडं भरावं लागतं. कथा पुढे सरकते ती श्रीमंत पण मनाने मोडलेल्या ब्रॉडहेडच्या एका यंत्र-मानसोपचारतज्ज्ञाशी चाललेल्या बोलण्यातून, आणि मध्येमध्ये पानांवर चौकटी येतात, मोहिमांचे अहवाल, छोट्या जाहिराती, पत्रं, करारातली कलमं. या चौकटी कथेशी थेट जोडलेल्या नाहीत आणि तरी त्याच त्या जगाला हाडामांसाचं करतात, कुणीतरी ‘शेअरला माणूस पाहिजे’ म्हणतंय, कुणाचं सामान विकायला काढलंय. मासिकाचं पान कसं भरतं आणि चार ओळींची जाहिरात माणसाची किती गरज उघडी पाडते, हे आयुष्यभर बघितलेल्या माणसालाच असं पुस्तक सुचू शकतं.

पुढचं भराभर. ‘जेम’ला १९८० मध्ये नॅशनल बुक अवॉर्ड, १९८६ मध्ये ‘फर्मी अँड फ्रॉस्ट’ला ह्यूगो, चेर्नोबिलच्या दुर्घटनेवर १९८७ मध्ये कादंबरी, १९९३ मध्ये अमेरिकन विज्ञानकथा लेखक संघटनेचा ग्रँड मास्टर सन्मान, २००८ मध्ये क्लार्कसोबत ‘द लास्ट थिअरम’. २००९ मध्ये ब्रुकलिन टेकने मानद डिप्लोमा दिला, शाळा सोडल्यावर सत्तरेक वर्षांनी. त्याच वर्षी त्याने आपल्या जुन्या आठवणी इंटरनेटवर लिहायला घेतल्या, फ्युचरियन्स, कॅम्पबेल, गोल्ड, सगळे त्यात, आणि त्यासाठी २०१० मध्ये त्याला चाहता-लेखक या विभागातला ह्यूगो मिळाला. हा विभाग हौसेने, बिनपैशाने लिहिणाऱ्यांसाठी असतो. शब्दाला अर्ध्या सेंटपासून सुरू केलेल्या माणसाला नव्वदीत फुकट लिहिल्याचं बक्षीस, आणि तो ते मिरवायचा. २ सप्टेंबर २०१३ ला तो गेला.

वाचायचं असेल तर माझा सल्ला असा. आधी ‘द टनेल अंडर द वर्ल्ड’ घ्या, १९५५ ची लांबट कथा, एक माणूस रोज सकाळी उठतो ती तारीख १५ जूनच असते आणि रोज त्याच्यावर नव्या जाहिरातींचा मारा होतो, का ते सांगत नाही. मग ‘द मायडस प्लेग’, त्यात यंत्रं इतकं उत्पादन करतात की गरिबांना ठरलेला कोटा संपवण्यासाठी सतत खावं-वापरावं लागतं आणि साधं राहण्याची चैन फक्त श्रीमंतांना परवडते. त्यानंतर ‘द स्पेस मर्चंट्स’ आणि ‘गेटवे’. ‘गेटवे’चे पुढचे भागही आहेत पण पहिला भाग एकट्याने पुरेसा आहे, घाई नको. आणि धंद्याच्या आतल्या गोष्टींत रस असेल तर त्याचं १९७८ चं आत्मचरित्र ‘द वे द फ्युचर वॉज’ शोधा, त्यात कुठल्या संपादकाने किती पैसे दिले आणि कधी दिले हे जितकं मन लावून सांगितलंय तितकं फार कमी लेखकांनी लिहून ठेवलंय.